दोन झेंड्यांच्या गावात, बाबांबरोबर

बाबांनी माझ्या ओथ सेरेमनीला यायला स्वच्छ नकार दिला, त्याच संध्याकाळी मी पॉववॉवला जायचं ठरवलं. घरात दोन माणसं गप्प बसायला लागली की कुणीतरी गाडी काढावी, एवढाच त्यामागचा विचार.

बाबा उन्हाळ्यापुरते नागपूरहून आमच्याकडे, अमेरिकेत ईडन प्रेरीला आलेत. निवृत्त शिक्षक, जन्मभर नागरिकशास्त्र शिकवलं. पुढच्या आठवड्यात मी अमेरिकन नागरिकत्वाची शपथ घेणार आणि भारताचं नागरिकत्व जाणार, कारण आपल्याकडे दोन्ही ठेवता येत नाहीत.

"माझ्या आज्याला गावच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हतं, आशू. संविधानानं आपल्याला नागरिक केलं. ते तू कायले सोडतेस?"

नोकरी, रेवाचं शिक्षण, व्हिसाची कायमची टांगती तलवार, ही माझी कारणं खरी होती. पण त्या विहिरीपुढे ती फारच किरकोळ वाटायची.

शनिवारी सकाळी निघालो. मी, बाबा आणि माझी तेरा वर्षांची रेवा. उत्तरेला साधारण चार तासांचा रस्ता, अगदी छान. मात्र शेवटच्या मोठ्या गावात टाकी फुल करून घ्या, पुढे पंप शोधत बसावं लागतं. मग पाइनची झाडं, तळी, पुन्हा पाइनची झाडं. बाबा प्रत्येक तळं नागपूरच्या फुटाळा तलावाशी ताडून बघत होते आणि फुटाळाच दरवेळी जिंकत होता.

मग ओजिब्वे ह्या इथल्या मूळ रहिवाशांच्या राष्ट्राच्या हद्दीची पाटी आली. वर त्यांची भाषा, खाली इंग्रजी. पुढच्या पिकअपची नंबर प्लेटसुद्धा त्यांच्या राष्ट्राची. बाबा सरसावून बसले.

"म्हणजे ह्यांचं सरकार वेगळं?"

"सरकार, कोर्ट, पोलिस, सगळं आपापलं. शिवाय अमेरिकेचे नागरिक आहेतच."

"रेड इंडियन ना हे?"

"आजोबा! डोन्ट से दॅट! ओजिब्वे म्हणायचं."

मास्तरांना नवा धडा सापडला होता. उरलेला रस्ता माझी तोंडी परीक्षा चालली होती आणि मी बहुतेक नापास झाले.

पॉववॉव म्हणजे त्यांचा नाच-गाण्याचा मोठा मेळावा. आम्ही गेलो तिथे तिकीट नव्हतं. फोल्डिंग खुर्च्या न्या. नाचाच्या रिंगणाला लागून असलेले बाक नाचणाऱ्यांचे आणि ढोलवाल्यांचे असतात, तिथे ऐसपैस बसू नका. दारू पूर्ण बंद. त्यांच्या पोशाखाला कॉस्च्युम म्हणायचं नाही, विचारल्याशिवाय फोटो काढायचा नाही. स्टॉलवर कार्ड चालेलच असं नाही, थोडी कॅश ठेवा. फ्राय ब्रेड म्हणजे आपल्या भटुऱ्याचा दांडगा भाऊ. पण खरी मजा वाइल्ड राइसच्या सूपची. तळ्यात उगवलेला हा भात होडीत बसून काठ्यांनी झोडपून काढतात. बाबांनी सूप दोनदा घेतलं.

दुपारी निवेदकानं सगळ्यांना उभं राहायला सांगितलं. सर्वांत पुढे गरुडाच्या पिसांनी मढवलेला दंड आला. तो त्यांचा पहिला झेंडा. मागे राष्ट्राचा, त्यामागे अमेरिकेचा. धरणारे सगळे माजी सैनिक. ढोलाभोवती बसलेली माणसं एका आवाजात गायला लागली आणि माझ्या अंगावर काटा आला. ह्या लोकांच्या जमिनी गेल्या, सरकारनं मुलं बोर्डिंग शाळांत नेऊन त्यांची भाषा तोडली, आणि तरी आजीपासून नातवापर्यंत सगळे ताठ मानेनं नाचत आत येत होते. मी रडले, सरळ सांगते.

नंतर सगळ्यांसाठी खुला नाच होता. रेवानं आजोबांना ओढून रिंगणात नेलं. तेवढ्यात एका नाचणाऱ्याच्या पाठीवरचं गरुडाचं पीस गळून थेट बाबांच्या पायाशी पडलं. पुस्तकाला चुकून पाय लागला तरी ते कपाळाला लावणारा माणूस. बाबा चटकन वाकले.

"आजोबा, डोन्ट!"

शेजारच्या बाईनं त्यांचा हात धरला. ढोल थांबला. सगळं मैदान उभं राहिलं. चार माजी सैनिक आले, पिसाभोवती नाचले, आणि त्यांच्यातल्या सर्वांत म्हाताऱ्यानं ते दोन्ही हातांनी उचललं. पडलेलं पीस म्हणजे पडलेला सैनिक, त्याला उचलायचा मान सैनिकाचाच. बाबांना कुठे तोंड लपवू असं झालं.

थोड्या वेळानं पीस उचलणारे ते म्हातारे सैनिकच कॉफी घेऊन आमच्याकडे आले. बाबांनी शाळामास्तरी इंग्रजीत माफी मागितली, हात का गेला तेही सांगितलं.

"कपाळाला लावणार होतात? मग तुम्हाला कळतं," ते हसून म्हणाले.

धीर येऊन बाबांनी विचारलंच, "ज्यांनी तुमची जमीन घेतली, त्यांचा झेंडा तुम्ही कसा धरता?"

"जमीन आमचीच आहे. मी तिच्यासाठी लढलो. आणि तो झेंडा मागून येतो, पाहिलंत ना?"

"दोन्हींतलं एक निवडा, असं कुणी म्हटलं नाही?"

"खूपदा म्हटलं. आम्ही नाही म्हणालो."

बाबा माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "ह्यांनी सोडलं नाही. तुला सोडावं लागतंय."

खरंच होतं. मला ते लागलं.

मग त्या म्हाताऱ्या सैनिकानं मला विचारलं, "तुझी माणसं कोण?" तिथे ओळख अशीच विचारतात.

"नागपूरची. मी ह्यांची मुलगी."

त्यांनी मान डोलावली. एवढी ओळख त्यांना पुरली. बाबांनी आपली खुर्ची माझ्या खुर्चीशेजारी ओढली.

मुक्काम जवळच्या मोटेलमध्ये केला. पॉववॉवच्या वीकेंडला खोल्या पटापट जातात, आधी बुक करा. रविवारी दुपारी घरी पोचलो. ढोल अजून कानात होता. ज्यांना नाही म्हणायला जमलं, त्यांचं मला अपार कौतुक वाटलं आणि थोडा हेवाही. मला तसं म्हणता येणार नव्हतं, शपथ घ्यायचीच होती.

बाबांनी चहा टाकला. माझा कप पुढे ठेवत विचारलं, "गुरुवारी किती वाजता निघायचं?"

"बाबा, तुम्ही येताय?"

"येतो मी. सगळ्यांबरोबर उभाही राहीन. शपथ मात्र तू म्हण. माझी संविधानाची एकदा झाली आहे."