रामकिशननं सोडलेला पाऊस

रामकिशन फोटोवाला भित्रा आहे, हे चाकूरच्या बाजारात शेंबडं पोरही सांगायचं. कुत्रं दिसलं की तो वाट बदलायचा. लग्नात नवरदेवाच्या मामानं आवाज चढवला की याचा फ्लॅश आधीच उडायचा. त्याचा जन्म धम्मदीक्षेच्या आधीचा, म्हणून नाव रामकिशन राहिलं. बायको नंतरची, म्हणून ती पंचशीला. घरातला सगळा धीर तिच्या वाट्याला गेलाय, असं तो स्वतःच चारचौघांत कबूल करायचा.

आणि अशा माणसाला छंद जडला तो अंधाराचा! नांदेडच्या एका मास्तरानं घासून दिलेला सहा इंची आरसा त्यानं बोअरच्या पाईपच्या तुकड्यात बसवला, लेथवर स्टँड करून घेतला आणि लग्नाचे फोटो काढायचा तोच कॅमेरा दुर्बिणीला जोडला. त्याला फोटो हवा होता तो अभिजित ताऱ्याजवळच्या एका कड्याचा. तारा म्हातारा झाला की अंगावरचा वायू बाहेर सोडतो, त्याचं हे धुरकट कडं. पुस्तकात त्याला ग्रहीय अभ्रिका म्हणतात. ग्रहाशी तिचा काडीचा संबंध नाही, पण नाव एकदा पडलं ते पडलं. हे कडं रात्रीच्या जेवणवेळी डोक्यावर येतं ते नेमकं पावसाळ्यात, आणि पावसाळ्यात आभाळ कुठलं मोकळं मिळायला?

त्या साली मिळालं. लातूर जिल्हा नुकताच झाला होता. साहेब नवे, पाट्या नव्या, प्रत्येक अर्जाला फोटो लागायचा, त्यामुळं रामकिशनचं दुकान जोरात होतं. पाऊस मात्र जुन्या जिल्ह्यातच राहून गेल्यासारखा इकडं फिरकला नाही. मृग गेला, आर्द्रा गेल्या, श्रावण सरत आला तरी आभाळ धुतल्या ताटासारखं लख्ख. गाव वर बघून रडायचं आणि रामकिशन वर बघून खूष व्हायचा. त्याची त्याला लाजही वाटायची, पण पाय माळाकडं वळायचेच.

माळ म्हणजे चाकूरजवळच्या त्याच्या गावाबाहेरचं खडकाळ रान. चंद्र नको म्हणून तो अमावास्येच्या आसपास जायचा. डोळ्यांना अंधाराची सवय राहावी म्हणून बॅटरीला मखराचा लाल जिलेटीन कागद बांधायचा. स्टँडचे पाय दर वेळी त्याच जागी यावेत म्हणून खडकावर चुन्याची तीन टिंबं काढायचा आणि त्यांतून ध्रुवाकडं एक रेघ. एकट्याला भीती वाटते म्हणून बायकोला बरोबर न्यायचा. आता तुम्हीच सांगा, दुष्काळाच्या साली, अवसेच्या रात्री, लाल उजेड, चुन्याच्या खुणा आणि आभाळाला लावलेली नळी. मराठवाड्यातल्या माणसानं याला दुसरं काय म्हणावं?

खुणा पहिल्यांदा पाहिल्या सरजाबाईनं. म्हातारी शेळ्या घेऊन माळावर गेली होती. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की फोटोवाल्यानं भानामती करून पाऊस बांधलाय.

रामकिशनच्या कानावरही ते आलं. दूरच्या एका गावात भानामतीच्या संशयावरून एका माणसाचे दात पाडले होते, मंत्र म्हणता येऊ नये म्हणून. ते ऐकल्यापासून तो बोलताबोलता जिभेनं समोरचे दात चाचपायचा. त्यातून बौद्धवाड्यातला माणूस. त्याच्या बाजूनं कोण उभं राहणार?

"आता जाऊ नगा," पंचशीला म्हणाली.

"पोळ्याची अवस हाय. एवढी एकच. मग कडं कलतंय, सालभर गेलं," तो म्हणाला. भित्र्या माणसाचा हट्ट फार वाईट असतो.

पोळ्याला गावात बैल थोडेच उरले होते. वाजंत्री नव्हती. दिवेलागण होऊन गेल्यावर दोघं माळावर गेली. रामकिशननं शटर उघडलं. यात खरी कसोटी हीच असते: मोठ्या नळीवर छोटी दुर्बीण बसवलेली असते, तिच्यातल्या बारीक तारांच्या फुलीवर एक तारा धरून वीस मिनिटं हातानं स्टँडची मूठ फिरवत राहायचं, म्हणजे नळी ताऱ्यामागं सरकते. डोळा काढला की तारा सरकला आणि फोटो गेला.

अर्धा वेळ झाला असेल, तेवढ्यात पावलं वाजली. बरीच पावलं. काठ्या खडकावर आपटत होत्या.

लोक पुढं रामकिशनला धीट म्हणाले, कारण त्यानं मान वळवली नाही. खरी गोष्ट वेगळी होती. मान वळवली असती तर माणसं दिसली असती, आणि ती बघायची त्याची छाती नव्हती. तारा तेवढा दिसत होता, म्हणून त्यानं ताऱ्यालाच धरून ठेवलं. स्टँडची मूठ तो फिरवतच राहिला.

पंचशीला मध्ये उभी राहिली. "हात लावायचा न्हाई. हे हुईपर्यंत थांबा."

माणसं थांबली. तिच्या बोलण्यानं नव्हे. चुन्याच्या रेघेपाशी येऊन थबकली, पलीकडं पाय टाकायला कुणी तयार होईना. सगळ्यांच्या पुढं आप्पासाहेब होते, गावातले मोठे शेतकरी. त्यांनीही नुसती काठीनं रेघ चाचपली, पाय टाकला नाही. असे दोन्हीकडचे भ्यालेले लोक अंधारात एकमेकांचे श्वास ऐकत उभे राहिले.

शटर मिटलं. आप्पासाहेब घोगऱ्या आवाजात म्हणाले, "सोड."

"काय सोडू, आप्पासाहेब?"

"पाऊस. बांधलास तसा सोड. आमी तुला काय करनार न्हाई."

नाही म्हणावं तर काठ्या होत्या. रामकिशनची जीभ दातांवरून फिरली.

"सोडतो," तो म्हणाला.

त्यानं दुर्बीण उतरवली, चुना पायानं पुसला, आणि गर्दीनं वाट दिली. दोघं घरी आली. कडी लावल्यावर पंचशीला म्हणाली, "माज्या बापानं देव पान्यात सोडले आन तुमी भानामती कबूल करून आलाव?" तो रात्रभर दाराकडं बघत बसला.

आणि तिसऱ्या दिवशी पाऊस पडला.

धो धो पडला. कडं फिल्मवर आलं होतं, खसखशीच्या दाण्याएवढं, एका बाजूनं थरथरलेलं. रामकिशन ते भिंगातून बघत होता तेव्हा सरजाबाई दुकानात आली. या म्हातारीनं कधी त्याच्या हातातून फोटो घेतला नव्हता. तो टेबलावर ठेवायचा, मग ती उचलायची. आज ती सरळ आत आली आणि वाकून त्याच्या पायाला हात लावला.

रामकिशन काठ्यांना भ्याला नव्हता इतका तेव्हा भ्याला.

"मावशी, ह्यांनी काय बी सोडलं न्हाई," बाजूला फोटो कापत बसलेली पंचशीला कळवळून म्हणाली. "भिऊन म्हनले ते."

"हाव हाव," म्हातारी हसली. "जानत्यानं असंच म्हनायचं असतंय."

त्यानंतर रामकिशननं दुर्बीण बांधून ठेवली. पण आभाळ बघणं सुटलं नाही. आधी तो ढग जावेत म्हणून बघायचा, आता ढग यावेत म्हणून. सगळा हिवाळा, सगळा उन्हाळा त्याला एकच धास्ती होती: पाऊस चुकला तर गाव आपल्याच दारात येणार.

पुढच्या साली मृग कोरडा गेला. आर्द्राही गेल्या. एका दुपारी आप्पासाहेब दुकानात आले. वर्षात माणूस निम्मा झाला होता. बाहेर रस्त्यावर गावची माणसं उन्हात उभी होती.

"यंदा कवा सोडतोस, बाबा?"

दार एकच होतं आणि त्यात माणसं होती. रामकिशननं पंचशीलाकडं पाहिलं. ती हातातली कात्री खाली ठेवून त्याच्याकडंच बघत होती.

"आप्पासाहेब," तो म्हणाला, "मी पाऊस बांधला न्हवता. सोडला बी न्हाई. मी भ्यालो होतो. मारायचं तर मारा, पन माज्या हातात काय बी न्हाई."

आप्पासाहेब एक पाऊल पुढं आले. रामकिशनला वाटलं, आता हात उठणार. पण ते तिथंच, फोटो काढायच्या स्टुलावर मटकन बसले.

"मग आता आमी कुनाकडं जावं, रामकिशन?" त्यांनी विचारलं.