फडक्यात बांधलेलं पातेलं

ताडोबाच्या गेटजवळच्या एका छोट्या हॉटेलातली स्वयंपाकीणबाई मला अजून आठवते. आवाज मोठा, आणि हात सारखे पदराला पुसायची सवय. चुलीवरच्या फळीवर बुद्धाची तसबीर.

त्या दुपारी हैदराबादचं एक मुस्लिम कुटुंब उतरलं. त्यांच्यातल्या म्हाताऱ्या चाचांना तिनं आधी अंगणातलं मोहाचं झाड दाखवलं. सूर्य त्याच्या मागं बुडतो, म्हणजे नमाजाला तोंड तिकडं. मग फडक्यात बांधलेलं एक पातेलं काढून मोडक्या हिंदीत म्हणाली, "इसमें डुक्कर का कभी नहीं पका, चाचा. चलेगा क्या?"

चाचा हसून "चलेगा बेटी" म्हणाले. मला मात्र ते वेगळं पातेलं खटकलं. चाचा नमाजाला अंगणात गेल्यावर मी शहाणपणानं बोललो, "बाई, भांडी वेगळी? अन् तुम्हीच ठेवता?"

तिनं कांदा चिरणं थांबवलं नाही.

"माह्या आजीले लोक वेगळ्या कपात चहा देत, भाऊ. तिले कोणी इचारलं नाई. मी याईले इचारूनच वेगळं काढलं."

संध्याकाळी चाचांनी त्याच पातेल्यातली पहिली वाटी भरून तिच्यापुढं सरकवली. तिनं पदराला हात पुसले आणि त्यांच्या पंगतीत बसली.