पितळेवरची मात्रा

सुरी हातात आली की कोणीही आधी धार बघतो. आमचे वेलबुट्टीमामा पात्याकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. पाते मुठीत जिथे शिरते तिथली बोटभर पितळी पट्टी हे त्यांचे राज्य. पाती त्यांचा भाऊ घडवायचा आणि मामा पट्टी छिन्नीने सजवायचे. "धार काय, दगडावर घासली की येते. मुठीले कोनी इचारते का?" असे म्हणत अकोल्याच्या जठारपेठेतल्या एवढ्याशा दुकानात ते दिवसभर वेली, पाने, पोपट कोरत बसत. कोरी पट्टी गिऱ्हाइकाला द्यायची म्हटले की त्यांच्या जिवावर यायचे.

मोर्शीचा एक बागाईतदार एकदा म्हणाला, मुठीवर संत्रे कोरा. मामांनी साफ नकार दिला. "संत्र कोरलं तं लोक लिंबू म्हनतीन. रंग कुठून आनू?" शेवटी पोपट कोरला आणि त्याच्या चोचीत एक गोल फळ दिले. बागाईतदार खूश होऊन गेला. मामा हळूच मला म्हणाले, "थो पेरू हाये."

मी तेव्हा जवळच्या शाळेत मास्तरीण होते. छप्पन सालानंतर मामांच्या बौद्ध वस्तीत शिकण्याचे वारे असे शिरले की चाळिशी उलटलेले मामाही पाटी घेऊन माझ्या दारात हजर! "हात चालते ना माहा, मंग अक्षर काहून नाई चालनार?" ते अक्षर लिहीत नसत, काढत. 'ळ' तर त्यांना आयती वेलबुट्टीच वाटला. एका दिवसात आला. 'र' मात्र आवडला नाही. "याच्यात काई दम नाई," म्हणाले. वाचता येऊ लागल्यावर त्यांना धरबंधच उरला नाही. कोणी मागो न मागो, सुरीवर नाव येऊ लागले.

माझे लग्न ठरले. सासर पुण्याचे. मामांनी सुरी आणली आणि हातात न देता ओट्यावर ठेवली, कारण सुरी हातोहात दिली की भांडण होते. पट्टीवर नाजूक वेल आणि मधे ठसठशीत अक्षरे: 'ताईले सप्रेम'.

'ताईले'! माझ्या डोळ्यांपुढे पुण्याची सगळी मंडळी उभी राहिली.

"काई चुकलं काय?" मामांनी विचारले. त्यांचा चेहरा इतका उजळलेला होता की माझी जीभच वळेना. "काही नाही, झकास आहे," मी म्हटले. मास्तरीण असून मी धडधडीत खोटे बोलले.

पुण्यात व्हायचे तेच झाले. सासूबाईंनी चष्मा लावून वाचले आणि विचारले, "ताईला हवं ना गं?" लग्न झाल्यापासून मी अगदी जपून 'ला' म्हणत होते. पण त्या दिवशी सांगून टाकले, "आमच्याकडे 'ले'च म्हणतात." मला फार बरे वाटले.

सातआठ वर्षांनी माहेरी गेले तेव्हा सुरी धार लावायला नेली. मामा आता रोज वर्तमानपत्र वाचत. त्यांनी पट्टी पाहिली आणि कपाळावर हात मारला. "अरे बाप्पा! ताई, मास्तरीन असून तुमी सांगतलं नाई? सारं पुनं हे वाचून राहिलं!"

लगेच छिन्नी काढली. मात्रेचे पान करतो, पुढे काना ओढतो, कोणाला कळणारही नाही, म्हणाले. मी सुरी पदराआड धरली. "हात नका लावू."

"ताई, माही इज्जत हाये यात. लोक म्हनतीन, याले लेहिता येत नाई."

"म्हणू द्या," मी म्हटले, आणि कितीतरी वर्षांनी तोंडातून निघून गेले, "मले अशीच पायजे."

मामांनी छिन्नी खाली ठेवली. माझे त्यांना पटत नव्हते आणि माझे मन मोडवतही नव्हते. शेवटी त्यांनी सुरी मागून घेतली, मात्रेला हात लावणार नाही म्हणून शपथ घेतली, आणि सुरी उलटी करून ते पट्टीच्या दुसऱ्या बाजूवर तासभर ठुकठुक करीत बसले. मग सुरी माझ्यापुढे ठेवली. तिथे अनुस्वारासकट, शुद्ध पुणेरी मराठीत कोरले होते: 'चूक माझी. हट्ट ताईंचा.'