कुठंही जायची तयारी

ज्या घरात फ्रिजमध्ये पाण्याची बाटली ठेवाले दिली तर "लाइटबिल कोण भरन गा?" असं ऐकाले भेटते, त्या घरच्या सुनेनं एक दिवस मले जिन्यात थांबवलं. "भाऊ, तुझा रेझ्युमे दाखव. मी नीट करून देते."

"पैसे किती वहिनी?"

"पैसे कशाचे? असंच."

माह्या मनात पाल चुकचुकली. नागपुरातल्या हुडकेश्वरच्या त्या घरात, जिथं मी वरच्या खोलीत भाड्यानं राहो, असंच काहीच होत नव्हतं. घरमालकीण काकू वाटीभर भाजी वर पाठवे, तर वाटी वापस जाईपर्यंत जिन्याखालून चारदा आवाज देई. अन् इथं बँकेत नोकरी करून आलेली, लेकरासाठी घरी बसलेली वहिनी फुकट रेझ्युमे करून देते म्हणते. काहून?

मले गरज होती, हे खरं. एमबीए फायनान्सचं शेवटचं वर्ष होतं. पारशिवनीहून बाबानं सांगून ठेवलं होतं, "दिवाळीपर्यंत काही लागलं तर ठीक. नाही तर मामाच्या कृषी केंद्रात बस. तिथं खुर्ची रिकामीच हाय." ती खुर्ची मी पाहिली होती. तिच्यावर बसून मामाचं पोट कसं झालं, तेही पाहिलं होतं. त्यात धरमपेठेतल्या एका गुंतवणूक सल्ल्याच्या ऑफिसनं इंटर्न पायजे असं कॉलेजात कळवलं. जागा एकच. माहं सारं चित्त तिच्यावर. नागपूर मले सोडाचंच नव्हतं, कारण माहे श्रोते इथंच होते.

श्रोते म्हणजे नकलेचे. मी कोणाचाही आवाज काढतो. कॉलेजचे सर, बसचा कंडक्टर, सारे जमतात, पण काकूचा आवाज म्हणजे माहा हातखंडा. "टाकी भरली काऽऽय?" म्हणून मी गच्चीवरून ओरडलो की शेजारची बाई मोटर बंद करे. गल्लीत भाजीवाला आला की मी वरून काकूच्या आवाजात थांबवो अन् तो थांबला की लपो. दोनचारदा असं झाल्यावर खरी काकू फाटकात येऊन ओरडली, "थांब गा, मेथी दाखव!" तर तो मान वर न करता म्हणते, "भाऊ, मजाक नको करू." अन् गाडी ढकलत निघून गेला. काकू फाटकात थैली घेऊन उभीच.

तर वहिनी. तिनं माहा दोन पानांचा रेझ्युमे स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला अन् पेन काढला. काकू पलंगावर बसून आमच्याकडे पाहून राहिली होती. मायाळू चेहऱ्यानं. हेही संशयास्पदच.

पहिलं वाक्य इंग्रजीतलं होतं. आव्हानात्मक वातावरणात काम करण्याची इच्छा वगैरे. आमच्या साऱ्या वर्गाच्या रेझ्युमेत तेच होतं, कारण एकाच सीनियरची फाइल फिरत आली होती.

"आव्हानात्मक म्हणजे? उन्हाळ्यात तुझ्या खोलीत असतं तसं?" वहिनीनं विचारलं. अन् काट मारली.

"फायनान्शियल मॉडेलिंगमध्ये तज्ज्ञ. बरं. एक मॉडेल दाखव."

"ते गावी राहिलं वहिनी. पेनड्राइव्हमध्ये."

काट.

"छंद, शेअर बाजाराचा अभ्यास. कोणता शेअर घेतलास?"

मी पंख्याकडे पाहिलं. काट. ऑनलाइन दोन तासांत भेटलेलं एक सर्टिफिकेट होतं, त्याले मी इंटर्नशिप म्हटलं होतं. तेही गेलं. दोन पानांचं अर्धं पान राहिलं. ही बाई मले नीट करून राहिली का उघडा, तेच समजेना.

"आता खरं सांग," ती म्हणाली. "सुट्टीत काय करतोस?"

"मामाच्या दुकानात बसतो."

"बसून काय करतोस?"

"काही नाही. विक्रीची नोंद करते ते मशीन खताच्या बोऱ्या एक दाखवे, गोडाऊनमध्ये भलत्याच निघत. कोणी वापस आणून दिलेल्या, काही फुटलेल्या, त्या कोणी चढवतच नव्हतं. मंग मी एक्सेलमध्ये रोज संध्याकाळी जुळवत जाओ."

वहिनीनं पेन खाली ठेवला. "अन् हे तू लिहिलंच नाहीस?"

"खताचं? फायनान्सच्या रेझ्युमेत?"

"हेच वर टाकायचं. सगळ्यात वर."

आता तर माही खात्रीच झाली, ही बिघडवूनच राहिली. धरमपेठेतल्या एसी ऑफिसात युरियाच्या बोऱ्या घेऊन जाणार मी! अन् खाली, नावगावाच्या बाजूले, तिनं हळूच एक ओळ टाकली होती. कामाचं ठिकाण, भारतात कुठंही जायची तयारी.

"वहिनी, मले तर नागपूरच पायजे."

"असू दे रे. चांगलं दिसतं." अन् लगेच म्हणाली, "पुण्याच्याही दोन जागा आहेत बघ. हैदराबादची एक आहे."

पलंगावरून काकू म्हणाली, "हैदराबाद लय चांगलं हाय म्हणते गा."

काकू रामटेकच्या पुढे कधी गेली नव्हती.

मी खोलीत जाऊन हिशेब लावला. वहिनीचा एक भाऊ एमबीए करून राहिला होता, रविवारी जेवाले येई. त्याले धरमपेठेची जागा, मले हैदराबादची गाडी! म्हणूनच माह्या सर्टिफिकेटावर काट, म्हणूनच खत वरती. सारं जुळलं. माह्या बोऱ्या जुळत तसं.

आता खात्री कशी कराची? माह्याजवळ एकच हत्यार होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी खाली स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज आला. वहिनी एकटी असन, काकू या वेळी झोपते. मी जिन्यात अर्ध्यावर बसलो, गळा साफ केला अन् काकूचा आवाज लावला. "कावं, त्या वरच्या पोट्ट्याचं काय करून राहिली तू? खरं सांग मले!"

भांडी थांबली. मंग आतून काकूचाच आवाज आला. पण तो मी काढला नव्हता.

"मी इथं मेथी तोडून राहिली, मंग जिन्यात कोण बोलून राहिलं वं?"

वहिनी इतकी हसली की लेकरू उठलं. मी वर पळाचा विचार केला, पण पाय खालीच गेले. काकू दारात, हातात मेथीची जुडी.

"ये गा, ये. माहा आवाज ऐकू दे मलेही. गल्लीनं ऐकला, मीच राहिली होती."

"काकू, माफ करा. मले फक्त..."

"तुले काय पायजे, मले माहीत हाय. मीच म्हटलं हिले, पोट्ट्याले दूरची नोकरी लावून दे वं माय. भाजीवाला मले भाव देत नाही, दूधवाला थांबत नाही. परवा माह्या बहिणीनं फोन कापला, म्हणे कोण बे तू. तू गेला तर माहा आवाज मले वापस भेटन."

मी वहिनीकडे पाहिलं. "म्हणजे रेझ्युमे बिघडवला नाही तुम्ही?"

"बिघडवून काय करू?" वहिनी डोळे पुसत म्हणाली. "बिघडवला तर तू इथंच राहशील ना!"

साऱ्या नागपुरात मले नोकरी लागावी असं मनापासून वाटणाऱ्या दोघीच होत्या, अन् दोघी मले हाकलून राहिल्या होत्या. तरी मी एक सौदा केला. नकला बंद, बदल्यात ती ओळ काढाची अन् नागपूर लिहाचं. वहिनी हो म्हणाली. संध्याकाळी तिनं फाइल फोनवर पाठवली. माह्या फोनात आता फायनल, नवीन फायनल अन् खरंच फायनल अशा तीन फाइली झाल्या. मी एक पाठवून दिली.

धरमपेठेच्या ऑफिसातून मुलाखतीचं बोलावणं आलं. तिथल्या सरांनी माहा कागद समोर ठेवला अन् पहिलंच बोट खतावर. "ये क्या है भाई? सांगा."

मी सांगाले लागलो. फुटलेल्या बोऱ्या, वापस आलेल्या, मशीन अन् गोडाऊन. फरक कुठून येते ते कसं धराचं. सर मधात प्रश्न विचारे, मी उत्तर देओ. एकदाही पंख्याकडे पाहावं लागलं नाही. पेनड्राइव्हचंही काम पडलं नाही.

मंग सरांचं बोट खाली गेलं. "अन् हे बरं केलं तुम्ही. इथली जागा तर कालच भरली. पण आमच्या अमरावतीच्या शाखेत असाच पोरगा पायजे. कुठंही जायची तयारी, लिहिलंच आहे."

मी वाकून पाहिलं. ओळ होती. जशीच्या तशी. मी चुकीची फायनल पाठवली का वहिनीनंच काढली नव्हती, ते पाहाले फोन काढला असता तर मामाची खुर्ची पक्की होती.

"हो सर," मी म्हटलं. "कुठंही."

घरी आलो तर फाटकावर "खोली भाड्यानं देणे आहे" ही पाटी. रंग ओला. मी अजून कोणाले काही सांगतलं नव्हतं. काकूनं वाटीत शिरा आणला. वाटी वापस मागितली नाही.

फाइली नंतर उघडून पाहिल्या. दोन फाइलींत ती ओळ होती, एकीत नव्हती. वहिनीनं त्या संध्याकाळी पाठवलेली कोणती, ते मले ओळखताच आलं नाही. तिले विचारलं तर म्हणे, "खरंच फायनल असं नाव कोण देतं रे?"

अमरावतीत आता माहं बरं चाललं आहे. मागच्या आठवड्यात काकूच्या नंबरवरून फोन आला. "कसा हायेस गा? तुह्या खोलीत कोणी टिकून नाही राहिलं. येतं काय वापस?"

आवाज काकूचाच होता. पण काकू असं बोलन काय? मागं लेकरू खिदळून राहिलं होतं, अन् शेवटच्या शब्दात जरासं हसू दाबल्यासारखं वाटलं.

"वहिनी," मी म्हटलं, "मजाक नको करू."

"कोण वहिनी?" तिकडून आवाज चढला. "मी बोलून राहिली गा!"