लान्स नायक घाडींची पाटी कुठे ठेवली?

अन्याय झालाय तो सुलोचना घाडी यांच्यावर. घाटकोपरच्या चाळीत त्यांना सगळे घाडीकाकू म्हणतात. गेल्या मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास एक गाडी आली, दोन माणसं उतरली आणि काकूंच्या मुलाच्या नावाची पाटी चौकातून काढून घेऊन गेली. काकू रेशनच्या रांगेत होत्या. परत येऊन बघतात तर नुसता खांब.

लान्स नायक दिगंबर घाडी आणि मी एकाच सेक्शनमध्ये होतो. गुडघा गेला, मेडिकल बोर्डाने मला फौजेबाहेर काढलं. आता हे पत्रक मी लिहितोय आणि दारोदार मीच वाटणार आहे.

आमची कंपनी शांतिसेनेत परदेशी होती. देशाचं नाव लिहीत नाही. तिथलं युद्ध संपलं होतं आणि तहात आम्ही तैनात होतो त्या गावाच्या दोन नगरपालिका झाल्या होत्या. बाजाराचा रस्ता ही हद्द. उत्तरेला एक कचरागाडी, दक्षिणेला दुसरी. उत्तरवाल्यांनी आपल्या गल्ल्यांची नावं बदलली, मग दक्षिणवाल्यांनीही बदलली. जुनं नाव तोंडातून गेलं म्हणून एक पोस्टमन मार खाऊन आमच्या चेकपोस्टवर आला. त्याची जखम घाडीने बांधली.

हद्दीवरच्या चौकाला दोन नावं पडली. दोन्ही एकाच खांबावर लावायची, असं करारात होतं. वर कुठलं, हे कुणी ठरवलंच नव्हतं. त्यावरून दगडफेक सुरू झाली.

घाडीचे वडील गिरणी बंद पडल्यावर दुकानांचे बोर्ड रंगवायचे. तो आमच्या प्लाटूनच्या सुभेदारसाहेबांकडे गेला.

"साहेब, दोन फळ्या करू. हुकावर लटकवू. दर सोमवारी वरची खाली, खालची वर."

"आणि बदलणार कोण?"

"आपण. त्यांच्यातला कुणी शिडीवर चढला तर दुसरे त्याला उतरू देणार नाहीत."

"ठीक. शिडी तुझी."

मी म्हटलं, "घाडी, फौजेत आलास की वॉर्ड ऑफिसात?"

"गप रे ठाणेकरा."

मी मुलुंडचा. म्हटलं, "मुलुंड मुंबईत येतं."

"नकाशात येतं."

सोमवारी नऊ वाजता हे काम. साक्षीला दोन माणसं: उत्तरेचा म्हातारा बेकरीवाला आणि दक्षिणेच्या शाळेतल्या एक बाई. पहिले काही सोमवार दोघं एकमेकांकडे बघायचेही नाहीत. मग बेकरीवाला आमच्यासाठी पाव आणायला लागला. एकदा बाई म्हणाल्या, पाव करपलाय. तो म्हणाला, पीठ तुमच्या बाजूचं आहे. इंटरप्रिटरने सांगेपर्यंत ते दोघं हसायला लागले होते. घाडी शिडीवरून ओरडला, "यार, चाललं ना आपलं!"

त्या सोमवारी धुकं होतं. घाडी चढला. खाली शिडी मी धरली होती. त्याने पहिली फळी काढून माझ्याकडे दिली. दुसरी लटकवायला दोन्ही हात वर नेले. हात वर गेले की बुलेटप्रूफ जॅकेटची बगल उघडी पडते. गोळी तिथूनच गेली. एकच राउंड. कोणत्या बाजूच्या छतावरून आली, ते चौकशीतही ठरलं नाही.

आमच्या रेडिओवाल्याने कंपनीला कळवलं, "चार्ली टू फॉर टायगर. वन कॅज्युअल्टी, गनशॉट. हेलिकॉप्टर मागतोय. ओव्हर."

"टायगर. धुकं आहे. वेट. आउट."

साहेब ओरडले, "सगळे कव्हर घ्या!" बेकरीवाला आणि बाई हलले नाहीत. बाईंनी अंगावरची शाल काढून जखमेवर दाबून धरली. घाडी मला म्हणाला, "फळी पडली काय रे?" मी म्हटलं, नाही. पडली होती. धुकं दहा वाजता उठलं. हेलिकॉप्टर आलं तेव्हा तो गेलेला होता.

पुढच्या सोमवारी साहेब स्वतः शिडीवर चढले. बेकरीवाला आणि बाई एक तिसरी फळी घेऊन आले होते. तिच्यावर दोन्ही लिप्यांत घाडीचं नाव. वरच्या दोन फळ्या बदलत राहतील, ही कायम राहील, असं त्यांनी आपसात ठरवलं होतं. आमची कंपनी परतली तोपर्यंत तिला कुणी हात लावला नव्हता.

आणि घाटकोपरात? चाळीसमोरच्या चौकाला घाडीचं नाव मिळालं. मग वॉर्डांच्या हद्दी नव्याने आखल्या आणि रेघ चौकाच्या मधून गेली. शेजारी टॉवर उभा राहिला. आता चौकाला त्या टॉवरचं नाव द्यायचं घाटतंय. मी दोन्ही वॉर्डांच्या ऑफिसांत गेलो.

पहिल्या ऑफिसातले साहेब म्हणाले, "खांब पलीकडच्या वॉर्डात येतो."

दुसऱ्यात बाई म्हणाल्या, "खांब आमचा आहे, पण पाटी त्यांनी लावलेली. आमच्या रेकॉर्डला चौकच नाही."

"मग काढली कुणी?"

"ते तुम्ही त्यांना विचारा."

एका माणसाच्या नावाची वाट लावायला दोन ऑफिसं लागली, आणि दोघांचेही हात स्वच्छ! घाडीकाकू माझ्यावर चिडल्या नाहीत. चहा ठेवत म्हणाल्या, "झिला, चौकाचा नाव काय ठेवायचा ता ठेवूंदे. माझ्या दिगूची पाटी खंय टाकल्यानी, तेवढा माका सांग. मी घराक घेवन येतंय."

का म्हणून घरी आणायची? ती पाटी चौकाची आहे.

नाव बदलण्यावरच्या हरकती येत्या शुक्रवारी दुपारी तीन वाजता ऐकणार आहेत. खांब आपला म्हणणारं वॉर्ड ऑफिस, दुसरा मजला. रेघेच्या दोन्ही बाजूंनी या. टॉवरमध्ये राहणाऱ्यांनीही या. भाषण नको. उभे राहा, आपलं नाव सांगा आणि म्हणा, घाडींची पाटी परत लावा.

येणार नसाल तर हे पत्रक फेकू नका. चाळीचा जिना चढा, घाडीकाकूंच्या दारात उभे राहा आणि का येणार नाही, ते त्यांच्या तोंडावर सांगा.