सुमतीबाईंनी बदललेली पंगत

सुमतीबाईंशी माझा पहिला संबंध आला, तो काही गोडीचा नव्हता. बोर्ली पंचतनच्या बाजारात माझं पत्रावळी, द्रोण आणि प्लास्टिकच्या ग्लासांचं दुकान होतं. आमच्याच गावच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या बाई एका सकाळी दुकानात आल्या. हातात चिखलाने माखलेली चंदेरी पत्रावळ होती.

"दिनकरशेठ, ही तुमच्याकडचीच ना? माझ्या भातशेतात अशा पाटीभर सापडल्या."

"बाई, विकणं माझं काम. लोक टाकतात कुठे, ते मी काय सांगू?" मी फटकन बोललो.

बाई चिडल्या नाहीत. "एकदा येऊन बघा तरी," एवढंच म्हणाल्या आणि गेल्या.

दोन दिवसांनी मी गेलो. लग्नातल्या पत्रावळी वहाळातून वाहत येऊन शेतातलं पाणी जाण्याच्या मोरीत अडकल्या होत्या. पाणी तुंबून बाईंची आणि शेजाऱ्यांची नुकती लावलेली रोपं कुजत होती. बाई चिखलात उतरून हातांनी मोरी मोकळी करत होत्या. मला पाहून त्या नुसत्या हसल्या. मीही पँट दुमडून उतरलो.

उपदेश करणं बाईंच्या स्वभावातच नाही. मासे आणायला त्या झाकणाचा डबा नेतात, तेलाला घरची बरणी. तेव्हा मात्र त्या एक पाऊल पुढे गेल्या. शेजारच्या बारशाला त्यांनी घरातली चाळीस स्टीलची ताटं नेली.

"बाई, पन घासायची कोनी?" बारशाच्या घरच्या वहिनींनी विचारलं.

बाई पदर खोचून नळाशी बसल्या. ज्यांच्या हाताखाली शिकलो त्या बाई आपली खरकटी ताटं घासताहेत म्हटल्यावर चार जणी धावत येऊन शेजारी बसल्या.

बारशी, साखरपुडे, सत्यनारायण असं होत होत माझा खप घटला. मी कोणाला बोललो नव्हतो, पण बाईंच्या लक्षात आलं. त्या पुन्हा दुकानात आल्या. "तुमचा धंदा बसवून मला गाव स्वच्छ करायचं नाही. ताटं भाड्याने द्यायला लागा. सुरुवातीला माझी चाळीस घ्या." त्या दिवशी माझे डोळे भरून आले. आज माझं घर त्याच धंद्यावर चालतं.

खरी कसोटी लागली देवीच्या उत्सवात. महाप्रसादाला सगळं गाव आणि मुंबईहून आलेली मंडळी. इतकी ताटं माझ्याकडेही नव्हती. बाईंनी गावसभेत सुचवलं, "प्रत्येकाने ताट-वाटी घरून आणावी."

उत्सवाचे अध्यक्ष गणपतदादा कडाडले, "घरचं ताट घेऊन जेवायला जायाचं? पाव्हनं हसतील आपल्याला!"

बाई शांतपणे म्हणाल्या, "ताटावाचून एक जरी माणूस उपाशी परतला, तर हा विषय मी पुन्हा काढणार नाही."

आज कबूल करतो, बाईंवर विश्वास असूनही मी टेम्पोत जुन्या पत्रावळींचे गठ्ठे लपवून नेले होते. दुपारचे बारा वाजले तरी मांडवात कोणी नाही. बाई भाताच्या टोपाशी उभ्या होत्या, वाटेकडे डोळे लावून. तेवढ्यात खालच्या आळीकडून खणखणाट ऐकू आला. म्हातारेकोतारे, बायका, पोरंटोरं, सगळे ताटं घेऊन येत होते! मुंबईकरांसाठी घराघराने दोन-दोन ताटं जास्तीची आणली होती. सर्वांत पुढे होत्या गणपतदादांच्या पत्नी. बाईंजवळ येऊन त्या म्हणाल्या, "आमच्या ह्यांचं पन आनलंय!"

मांडव हसून हसून दणाणला. दादा मुकाट्याने पंगतीला बसले, पोटभर जेवले आणि स्वतः नळावर जाऊन ताट धुऊन आले. मग सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, तुमी जिकलात. फुडल्या वर्षाला बी असंच व्हनार."

टेम्पोतले गठ्ठे सुटलेच नाहीत. शेवटची पंगत उठली तेव्हा मांडवात झाडायला चार शितांपलीकडे काही नव्हतं. तेव्हापासून एकही उत्सव वेगळ्या रीतीने झालेला नाही, आणि बाईंच्या शेताची मोरी भर पावसातही तुंबलेली नाही.

आता म्हसळ्याच्या बायकांनी आपल्याकडेही अशी पंगत सुरू करायला बाईंना बोलावलं आहे. पंचाहत्तराव्या वर्षी त्या एसटीने निघाल्या आहेत. देवीकडे मागणं इतकंच: बाईंना ठणठणीत, उदंड आयुष्य दे. आणि आजवर सर्वांना वाढून मागाहून जेवणाऱ्या आमच्या बाईंनी यंदाच्या उत्सवात पहिल्या पंगतीला बसावं. वाढायला आम्ही आहोत.