कच्च्या घरात ठेवलेले कागद

भालकी तालुक्यातल्या आमच्या गावात मी मास्तर होतो. एका उन्हाळ्यात गावातल्या इमारतींची नोंद करायचं सरकारी काम माझ्या गळ्यात पडलं. फॉर्मवर दोनच रकाने होते, पक्कं आणि कच्चं. मातीचं छत दिसलं की कच्चं लिहायचं, असा वरचा हुकूम.

सुरुवात आमच्याच घरापासून केली. दोन हात रुंद भिंती, वर मातीचं माळवद. पावसाळ्याआधी माझी थोरली बहीण, अक्का, त्यावर खारी माती पसरायची. कोणत्या मातीतून पाणी झिरपणार नाही, हे ती चिमूटभर जिभेवर ठेवून सांगायची. अर्धं गाव तिला माती चाखवायला आणायचं. चाखण्याला फॉर्मात रकाना नव्हता.

"कच्चं कामून लिहायलास?" ती भडकली. "आज्याच्या लग्नाआधीचं घर हाय हे. कधी थेंब तरी आत आलाय का?"

"हुकूमच तसा हाय, अक्का."

शाळेला मात्र नवाकोरा स्लॅब होता, हुमनाबादहून लॉरीनं आणलेल्या सिमेंटचा. फॉर्मवर शाळेच्या नावापुढं मी वळणदार अक्षरात 'पक्कं' लिहिलं.

श्रावणात तो स्लॅब असा गळायला लागला, की भरलेले फॉर्म पोटाशी धरून मी घरी पळालो. अक्कानं ते कोनाड्यात ठेवले.

पाऊस उघडल्यावर तालुक्याचे साहेब शाळेत आले. मी घरून आणलेला गठ्ठा पुढं केला. त्यांनी कागदांवरून बोट फिरवलं आणि खूश होऊन म्हणाले, "एवढ्या पावसातसुद्धा कसे खडखडीत राहिले बघा. पक्क्या इमारतीचा हाच फायदा, मास्तर."